शिकागो नदीवरची नव्वद मिनिटे आणि ‘ईस्टलँड’च्या वाट्याचे एक वाक्य

शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांत भारतातून आईवडील आले की पहिल्या पंधरवड्यात दोन ठिकाणे ठरलेली असतात, एक ऑरोराचे बालाजी मंदिर आणि दुसरे शिकागो नदीवरची स्थापत्यदर्शनाची बोटफेरी. आमच्या नेपरव्हिलच्या घरीही हा शिरस्ता पाळला जातो. गेल्या सप्टेंबरात आईबाबांना घेऊन मी ही फेरी चौथ्यांदा केली आणि आधीच्या तीन खेपांना जे केले नव्हते ते या वेळी केले, म्हणजे निवेदन सुरुवातीपासून शेवटपर्यंत कान देऊन ऐकले. फेरी चालवणाऱ्या कंपनीचे नाव मी येथे देत नाही. ‘ईस्टलँड’ या नदीतच बुडालेल्या जहाजाविषयीच्या ज्या एका वाक्याबद्दल माझा आक्षेप आहे, ते वाक्य मी याआधी दुसऱ्या कंपनीच्या बोटीवरही थोड्याफार फरकाने ऐकले आहे आणि त्यामुळे एकाच कंपनीला नाव घेऊन धारेवर धरणे रास्त होणार नाही.

आधी सेवेविषयी. आगाऊ नोंदणी सोपी आहे, दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी मिशिगन अव्हेन्यूच्या पुलाखालच्या धक्क्यावर पोहोचले म्हणजे पुरते आणि ज्येष्ठांना रांगेत फार काळ उभे ठेवले जात नाही. आईचे गुडघे दुखतात हे पाहून तिथल्या मुलीने आम्हाला न मागता आधी आत सोडले. बोट दुमजली होती. खालच्या मजल्यावर काचेआडची बंदिस्त जागा, चहाकॉफीचा गाळा आणि प्रसाधनगृह होते, तर वरचा मजला उघडा होता. खरे पाहणे वरूनच होते, परंतु सप्टेंबरातही नदीवरचा वारा बोचरा असतो, म्हणून स्वेटर बरोबर असावा. कॉफी सुमार आणि तिची किंमत अवाजवी होती. ध्वनियंत्रणा मात्र उत्तम होती आणि मागच्या रांगेतही शब्द न् शब्द ऐकू येत होता.

निवेदिका पन्नाशीच्या, व्यासंगी आणि बोलण्यात मिश्कील होत्या. मरीना सिटीच्या दोन मक्याच्या कणसांसारख्या इमारतींत वाहनतळाचे मजले खाली का आणि घरे वर का, मर्चंडाईज मार्ट उभारताना कोणती जमीन कामी आली, नदीचा प्रवाह 1900 मध्ये उलटा कसा वळवण्यात आला आणि सांडपाणी मिशिगन सरोवरात जाऊ नये म्हणून केलेल्या या उद्योगाने पुढे शेजारच्या राज्यांशी कसे भांडण लावून दिले, हे सगळे त्यांनी कागदाकडे न पाहता सांगितले. बाबांनी तर प्रवाह उलटवण्याची गोष्ट पुन्हा समजावून घेतली. नव्वद मिनिटांतली एकोणनव्वद मिनिटे मी या फेरीला पाचपैकी पाच तारे देईन. उरलेले एक मिनिट क्लार्क स्ट्रीट आणि लासाल स्ट्रीट या दोन पुलांच्या मधले आहे.

उजव्या हाताला रीड मर्डोक इमारतीचा घड्याळाचा मनोरा येतो आणि त्याच्या बरोबर समोर, डाव्या किनाऱ्यावर, ‘ईस्टलँड’ बुडाली ती जागा आहे. निवेदिकांनी डावीकडे हात करून सांगितले की 24 जुलै 1915 रोजी येथे एक प्रवासी जहाज धक्क्यालाच कलंडले आणि 844 माणसे मेली. ‘टायटॅनिक’ बुडाल्यानंतर जहाजांवर पुरेशा लाइफबोटी ठेवण्याचा कायदा आला, त्या लाइफबोटींच्या वजनाने हे जहाज वरजड झाले आणि माणसे वाचवण्यासाठी केलेल्या कायद्यानेच माणसे मारली, असेही त्या म्हणाल्या. बोटीवर एक हळहळीचा सूर उमटला, बोट पुलाखालून गेली आणि पुढची इमारत आली.

हे वाक्य ऐकायला फार नेटके आहे. त्यात दैवाचा खेळ आहे, उपरोध आहे, आणि ‘टायटॅनिक’चे नाव आल्यामुळे कोणालाही वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. अडचण एवढीच की या वाक्यात एकही माणूस नाही. कायदा आहे, वजन आहे, योगायोग आहे. ज्यांनी ते जहाज बांधले, विकले, विकत घेतले, भाड्याने दिले, तपासले आणि चालवले, त्यांच्यापैकी कोणीच त्यात नाही. 844 मृत्यूंच्या गोष्टीत करणाराच नसावा, हे मला पटले नाही. म्हणून घरी आल्यावर या विषयावर जे वाचले होते ते पुन्हा उघडले.

त्या शनिवारी सकाळी काय झाले ते आधी पाहू. सिसेरो येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यातील कामगारांची वार्षिक सहल होती. (आपल्यावर कोणाचे लक्ष आहे हे कळले की माणसे वेगळी वागतात, हा ‘हॉथॉर्न परिणाम’ व्यवस्थापनशास्त्र शिकलेल्यांना ठाऊक असतो. ते प्रसिद्ध प्रयोग याच कारखान्यात नंतर, 1924 पासून झाले.) सरोवर ओलांडून इंडियानातील मिशिगन सिटीला जायचे होते आणि त्यासाठी पाच जहाजे ठरवली होती. पहिले जहाज ‘ईस्टलँड’. साडेसहाला माणसे चढू लागली आणि जवळपास लगेच जहाज धक्क्याकडे, म्हणजे उजवीकडे, कलले. मुख्य अभियंता जोसेफ एरिक्सन यांनी तळाच्या टाक्यांत पाणी घेऊन ते सरळ केले. मग ते डावीकडे, नदीकडे, कलले. सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास 2,500 ही परवानगीची संख्या पूर्ण झाली आणि चढण्याची फळी काढली गेली. रिमझिम पाऊस असल्यामुळे बऱ्याच बायका लहान मुलांना घेऊन खालच्या मजल्यांवर गेल्या होत्या, वर वाद्यवृंद वाजत होता. पुढची पंधरावीस मिनिटे जहाज डावीकडे कलत, जरा सावरत, पुन्हा अधिक कलत राहिले. बाजूच्या भोकांतून पाणी आत येऊ लागले, भांडी फडताळांतून पडली, आणि साडेसातला एकदोन मिनिटे कमी असताना ते शांतपणे डाव्या कुशीवर आडवे झाले. पाण्याची खोली सुमारे 20 फूट होती. जहाज अजून दोरांनी धक्क्याला बांधलेले होते.

उजवी कूस पाण्याच्या वर राहिली आणि कठडा ओलांडून तिच्यावर चढलेले कित्येक जण, पुढे जोडलेल्या ‘केनोशा’ या ओढनौकेचा पुलासारखा उपयोग करून, पायही न भिजता किनाऱ्यावर उतरले. खालच्या मजल्यांवरचे लोक पियानो, कपाटे आणि एकमेकांच्या अंगाखाली सापडले. 22 कुटुंबांत मागे कोणीच उरले नाही. मृतांत चेक आणि पोलिश स्थलांतरितांची संख्या मोठी होती. प्रेते सेकंड रेजिमेंटच्या शस्त्रागाराच्या इमारतीत ओळीने मांडली गेली. त्यांतल्या 396 क्रमांकाच्या सात वर्षांच्या मुलाला न्यायला बरेच दिवस कोणी आले नाही, कारण त्याचे आई, वडील आणि बहीण तिघेही त्याच जहाजावर गेले होते. त्या इमारतीच्या जागी पुढे एक दूरचित्रवाणी स्टुडिओ होता आणि आता मॅकडोनाल्ड्सचे मुख्यालय आहे. त्याच्या तळमजल्यावरच्या उपाहारगृहात मी दोनदा जेवलो आहे आणि दोन्ही वेळा मला यातले काहीच माहीत नव्हते.

आता निवेदिकांच्या वाक्याकडे येतो. त्या म्हणतात तो कायदा सेनेटर ला फॉलेट यांच्या नावाने ओळखला जातो आणि त्यावर 4 मार्च 1915 रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांची सही झाली, हे खरे आहे. सरोवरांवरच्या काही जहाजांना वरच्या मजल्यावरचे हे जादा वजन झेपणार नाही, ती उलटतील, असा इशारा डेट्रॉईटच्या एका जहाज कंपनीच्या व्यवस्थापकाने आधीच दिला होता, हेही खरे आहे. तथापि हा कायदा अमेरिकन जहाजांना 4 नोव्हेंबर 1915 पासून लागू व्हायचा होता. ‘ईस्टलँड’ कलंडली त्या दिवशी त्याला अजून तीन महिन्यांहून अधिक अवकाश होता. मालकांनी 2 जुलैला तीन लाइफबोटी आणि सहा तराफे चढवले, त्याबरोबर प्रवासीसंख्येची परवानगी 2,183 वरून 2,500 झाली. म्हणजे कायद्याने त्यांचा हात धरून बोटी चढवायला लावल्या होत्या, असे म्हणण्यापेक्षा त्यांनी बोटी चढवून त्याच्या बदल्यात तीनशेहून अधिक तिकिटे मिळवली, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. आणि हे वजन चढवल्यानंतर जहाज पूर्ण भरून त्याचा तोल एकदाही पाहिला गेला नाही. तो पाहिला गेला 24 जुलैला, सहलीच्या माणसांसकट.

त्या बोटी वजनाला कारण झाल्याच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. उंटाची पाठ मोडणारी शेवटची काडी त्यांची होती हे मानायला हरकत नाही. परंतु उंटाच्या पाठीवर आधीपासून काय काय लादलेले होते, हे न सांगता केवळ काडीची गोष्ट सांगितली तर उंटाचा मालक सुटतो.

‘ईस्टलँड’ 1903 मध्ये मिशिगन राज्यातील पोर्ट ह्युरॉन येथे पाण्यात उतरली. माणसांइतकीच त्याच राज्यातल्या साउथ हेवन या गावची फळे शिकागोच्या बाजारात वेगाने आणण्यासाठी ती बांधलेली होती, अरुंद, उंच आणि वेगवान. पहिल्या हंगामानंतर तिचा वेग वाढवण्यासाठी यंत्रसामग्रीत फेरफार झाले आणि वजन आणखी वर सरकले. साउथ हेवनच्या बंदरात पाणी उथळ असल्यामुळे तिला खोल बसून चालणार नव्हते, म्हणून तोल साधण्यासाठी तळाच्या टाक्यांत पाणी भरायचे आणि काढायचे, अशी योजना होती. मात्र कोणत्या टाकीत किती पाणी आहे हे दाखवणारे मापकच तिच्यावर नव्हते. अभियंत्याने झडप किती वेळ उघडी होती त्यावरून अंदाज बांधायचा. धक्क्याला लागताना टाक्या बहुधा रिकाम्या केल्या जात, म्हणजे दार धक्क्याच्या पातळीला येई. ज्या वेळी शेकडो माणसे एका बाजूने चढून वर जमत, नेमक्या त्याच वेळी जहाजाचा तळ सर्वांत हलका असे. 1904 च्या जुलैत, सुमारे 3,000 प्रवासी घेऊन साउथ हेवनहून निघाल्यावर ती इतकी कलली की प्रवाशांची संख्या कमी करावी लागली.

यानंतर जे झाले त्याला मी या सबंध प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा मानतो. जहाज तेव्हा क्लीव्हलँडहून चालत होते आणि ते धोक्याचे आहे, अशी कुजबुज गावभर होती. 1910 च्या ऑगस्टमध्ये मालक कंपनीने तिथल्या वर्तमानपत्रात मोठी जाहिरात दिली आणि ‘ईस्टलँड’ जलप्रवासास योग्य नाही असे म्हणणारा नौकारचनाकार किंवा जहाजबांधणीतला जाणकार आणून दाखवणाऱ्यास 5,000 डॉलरचे बक्षीस लावले. ज्या जहाजाबद्दल कोणाला शंका नाही, त्याची अशी जाहिरात कोणी करत नाही. त्या 5,000 डॉलरांत तोलाची चाचणी करून घेता आली असती की नाही हे मी सांगू शकत नाही, परंतु तशी चाचणी या जहाजाच्या बाबतीत एकदाही झाली नव्हती, हे नक्की. 1913 मध्ये एका नौकारचनाकाराने शिकागोच्या बंदर अधिकाऱ्याला पत्र लिहून, रचनेतले दोष दूर केले नाहीत तर मोठा अपघात होऊ शकेल, असे लेखी कळवले होते. त्याने बक्षीस मागितले नव्हते. 1914 मध्ये सेंट जोसेफ-शिकागो स्टीमशिप कंपनीने हे जहाज दीड लाख डॉलरना घेतले आणि पुढच्या वर्षी कुजलेल्या लाकडी जमिनीच्या जागी काही भागांत काँक्रीट ओतले. लाइफबोटींची चर्चा सगळीकडे होते, काँक्रीटचे नाव फारसे कोणी काढत नाही.

बाबांना मी हे सगळे परतीच्या गाडीत थोडक्यात सांगितले. त्यांची नोकरी वाहतूक कार्यशाळेत गेली, गाड्यांना रस्त्यावर जाण्याचा दाखला देण्याआधीची तपासणी त्यांच्या हाताखालून होत असे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी विचारले, “तपासणाऱ्याने काय तपासलं होतं?” प्रश्न अचूक होता. सरकारच्या जहाज तपासणी खात्याने ‘ईस्टलँड’ला 2,500 माणसांचा दाखला दिला तो लाइफबोटी, तराफे आणि जाकिटे मोजून. जहाज तेवढ्या माणसांनिशी उभे राहील का, हे तपासण्याची सक्ती कोणत्याही नियमात नव्हती. दुर्घटनेच्या सकाळी सरकारी माणसे फळीच्या तोंडाशी हातातले गणकयंत्र दाबत उभी होती आणि आकडा 2,500 ला पोहोचताच त्यांनी चढणे थांबवले. त्यांचे काम चोख होते. जहाज त्यांच्या डोळ्यांसमोर कलत होते, पण कलणे मोजण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. त्यात भर म्हणजे दाखला देणाऱ्या दोन तपासनिसांपैकी रॉबर्ट रीड हे मुख्य अभियंता एरिक्सन यांचे सासरे होते. या नात्यामुळे दाखला मिळाला असे सिद्ध झालेले नाही आणि मीही तसे म्हणत नाही, परंतु असे नाते चालत होते यावरून त्या खात्याचा कारभार कळतो.

योगायोगाने, आमच्या बोटीवर चढतानाही एक मुलगा हातातल्या गणकयंत्राने टिकटिक करत माणसे मोजत होता. बाबांनी ते तेव्हाच टिपले होते. आताच्या बोटी रुंद आणि बुटक्या असतात आणि तोलाची कसोटी हा दाखल्याचाच भाग असतो, म्हणून भीतीचे कारण नाही. आईसाठी एवढे लिहिणे आवश्यक होते, कारण ही कथा ऐकल्यावर पुढच्या वेळी बोटीत बसायचे नाही असे तिने जाहीर केले आहे.

चौकशा पुष्कळ झाल्या. शहराने केली, परगण्याने केली, केंद्र सरकारने केली. वाणिज्य सचिव विल्यम रेडफील्ड स्वतः शिकागोला आले आणि त्यांनी सुनावणी घेतली, पण तपासणी खाते त्यांच्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत असल्यामुळे चोरानेच पंचनामा करावा, असा ओरडा झाला. पुढे केंद्रीय आरोपपत्रांत कंपनीचे पदाधिकारी, कप्तान हॅरी पेडरसन, एरिक्सन आणि दोन्ही तपासनीस आले. मंडळी मिशिगनमध्ये होती, त्यांना खटल्यासाठी इलिनॉयला न्यायचे की नाही याची सुनावणी ग्रँड रॅपिड्स येथे झाली आणि 1916 मध्ये न्यायाधीश सेशन्स यांनी कटाचा पुरावा नाही म्हणून त्यांना पाठवण्यास नकार दिला. एरिक्सन यांच्या बाजूने तेथे क्लॅरेन्स डॅरो हे नामांकित वकील उभे होते. फौजदारी खटला नंतर पुढे सरकलाच नाही. एकाही माणसाला एका दिवसाचीही शिक्षा झाली नाही.

दिवाणी दावे मात्र वीस वर्षे चालले. अमेरिकेत 1851 चा एक कायदा आहे. त्यानुसार मालकाच्या नकळत झालेल्या दोषासाठी त्याचे दायित्व अपघातानंतर जहाजाची जी किंमत उरेल तेवढ्यापुरते मर्यादित राहते. वर काढलेले ‘ईस्टलँड’ 1915 च्या डिसेंबरात लिलावात 46,000 डॉलरला गेले आणि त्या रकमेवर पहिला हक्क ते वर काढणाऱ्यांचा होता. मृतांच्या वारसांसाठी दाव्यातून म्हणण्यासारखे काही उरले नाही. त्यांना जी मदत मिळाली ती वेस्टर्न इलेक्ट्रिकने दिलेले 1,00,000 डॉलर आणि लोकवर्गणी यांतून. 1851 च्या त्या कायद्यामुळे सगळा वाद येऊन ठेपला तो ‘मालकाला ठाऊक होते का’ या प्रश्नावर. 1935 च्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की जहाज जलप्रवासास योग्य होते, मालकांनी योग्य ती खबरदारी घेतली होती आणि टाक्या नीट न भरणारा अभियंता दोषी होता.

जोसेफ एरिक्सन 1919 मध्येच हृदयविकाराने वारले होते. निकाल लागला तेव्हा त्यांना मरून सोळा वर्षे झाली होती आणि आपली बाजू मांडणे त्यांना शक्य नव्हते. त्यांच्या हातून चूक झालीच नाही, असे मी म्हणणार नाही. जहाज पंचवीस मिनिटे इकडून तिकडे झुलत असताना माणसे उतरवण्याचा आग्रह त्यांनी आणि कप्तानांनी धरायला हवा होता. पेडरसन तर पुलाला उघडण्याचा इशारा देण्याच्या तयारीत होते, म्हणजे निघण्याची घाई त्या कलण्यापेक्षा मोठी ठरली होती. तरीही ज्या माणसाला टाकीतले पाणी मोजण्याचे साधन दिलेले नव्हते त्याला पाणी चुकीचे मोजले म्हणून एकट्याला दोषी धरणे आणि साधन न देणाऱ्याला निर्दोष ठरवणे, याला न्याय म्हणताना जीभ अडखळते. बाबांचे यावरचे म्हणणे त्यांच्या धंद्यातले होते, “ब्रेक नसलेली गाडी दिली तरी निलंबित ड्रायव्हरच होतो.”

दोष प्रवाशांवरही टाकून झाला होता. कोणीतरी छायाचित्र काढत होता, किंवा जवळून दुसरी नाव गेली आणि ती पाहायला सगळे एका बाजूला धावले, असे सांगितले जाई. प्रत्यक्षात गर्दीने एकदम धाव घेतल्याचा आधार मिळत नाही. आणि मुळात, प्रवासी एका कठड्याकडे गेले म्हणून उलटणारे जहाज हा प्रवाशांचा दोष कसा, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाला पडला नाही. बाबांचे आजोळ रेवदंड्याचे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट कासा खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हाही लोक एका अंगाला धावले म्हणून बोट गेली, असे त्यांच्या घरी सांगत, हे त्यांना या निमित्ताने आठवले. 

माझा निष्कर्ष असा की पहिली जबाबदारी मालकांची आहे, सर्व मालकांची, कारण जहाज कलते हे अकरा वर्षे प्रत्येकाला ठाऊक होते आणि प्रत्येकाने ते दुरुस्त करण्याऐवजी जाहिरात दिली, विकले किंवा आणखी माणसे भरली. दुसरी जबाबदारी दाखला देणाऱ्या यंत्रणेची आहे. तिने विचारायचा तो एकच प्रश्न विचारला नाही. कप्तान आणि अभियंता तिसरे येतात, आणि ला फॉलेट यांचा कायदा त्यांच्याही मागे.

हे सगळे एका मिनिटात सांगता येणार नाही हे मला मान्य आहे. फेरी संपल्यावर मी निवेदिकांना गाठून माझा आक्षेप सांगितला. त्यांनी तो मनापासून ऐकला आणि दोन पुलांच्या मधले अंतर कापायला बोटीला फार तर मिनिटभर लागते, तेवढ्यात बसेल असे काही सुचवा, असे उलट मलाच सांगितले. मी घरी जाऊन घड्याळ लावून लिहिले आणि कंपनीला पाठवले. “हे जहाज कलते हे त्याच्या मालकांना अकरा वर्षे ठाऊक होते. त्यांनी ते दुरुस्त केले नाही, उलट त्यावर अधिक लाइफबोटी चढवून अधिक तिकिटांची परवानगी मिळवली. सरकारने बोटी मोजल्या, जहाजाचा तोल पाहिला नाही. 24 जुलै 1915 रोजी ते येथे, दोर सोडण्याआधीच, कलंडले. 844 जण मेले आणि वीस वर्षांनी न्यायालयाने एका मृत अभियंत्याला दोषी ठरवले.” मराठीत हे सावकाश वाचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. कंपनीकडून आभाराचे पत्र आले आहे. निवेदन बदलले की नाही, हे पुढच्या उन्हाळ्यात सासूसासरे येतील तेव्हा कळेल.

तोपर्यंत या फेरीला मी पाचपैकी चार तारे देतो. जाणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. मिशिगन अव्हेन्यूहून बोट पश्चिमेला निघते तेव्हा बहुतेक जण सूर्यप्रकाश आणि छायाचित्रे पाहून उजवी बाजू धरतात. ‘ईस्टलँड’ची जागा डावीकडे आहे. फेरी संपल्यावर वॅकर ड्राइव्हने क्लार्क स्ट्रीट ओलांडून लासालच्या दिशेने चालत गेलात तर तिथे एक स्मृतिफलक लागतो. तो 1989 मध्ये ऑरोराच्या इलिनॉय मॅथमॅटिक्स अँड सायन्स अकॅडमीच्या विद्यार्थ्यांच्या खटपटीने पहिल्यांदा बसला. दुर्घटनेनंतर 74 वर्षे तिथे काहीच नव्हते. मूळ फलक मध्यंतरी चोरीला गेला आणि त्याच्या जागी नवा बसवावा लागला. तो वाचायला पाच मिनिटे पुरतात आणि त्याला तिकीट नाही.